सत्तर हजार संसार

त्या बुधवारी दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान माझा आणि माझ्या नणंदेचा संसार सत्तर हजार वेळा मांडला गेला आणि त्यातल्या एकसष्ट हजार वेळा मोडला. आम्हा दोघींना त्याचा पत्ताही नव्हता. मी पोवई नाक्यावरच्या दातांच्या लॅबमध्ये कुणा निवृत्त फौजदाराची खालची कवळी घासत बसले होते आणि हर्षा गोडोलीत, आमच्या घराखालच्या दुकानात, गिऱ्हाइकाचा कांदा-लसूण मसाला कुटत होती.

नणंद-भावजयीचा संसार म्हटलं की लोक हसतात. हसू देत. माझा नवरा शशांक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी सानिका नोकरीला कोइमतूरला. हर्षा ही शशांकची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, मसाल्याचं कांडप यंत्र घेतलं, आणि यंत्र नवऱ्यापेक्षा कमी आवाज करतं असं ती सगळ्यांना सांगत असते. ती खरं बोलत नाही. त्या यंत्रानं वरच्या मजल्यावरच्या कपबशा नाचतात.

ते घर भोईटे सरांचं. आम्ही बावीस वर्षं भाडेकरू, वर दोन खोल्या आणि खाली दुकान. सर आता मुलीकडे बडोद्याला निघाले होते. ऑगस्टमध्ये ते जिना चढून वर आले, माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "बिल्डर दारात उभा आहे. पण पहिला मान तुमचा. ऑक्टोबर संपेपर्यंत कर्ज मंजूर झाल्याचं पत्र दाखवा, घर तुमचं. नाहीतर माझा नाइलाज आहे."

सर खाली उतरले. घर गेलं तर काय होणार हे दोघींना ठाऊक होतं. साताऱ्यात कुणी आपल्या घराखाली मिरची कुटू देत नाही, म्हणजे दुकान जाणार. मी सानिकाकडे जाणार आणि हर्षा कराडला चुलतभावाच्या माडीवर. दोघी सुखरूप राहिलो असतो, पण दोन गावांत.

आमचे कर्जसल्लागार म्हणजे रियाज मुजावर. राजवाड्याजवळ त्यांची छोटी कचेरी आहे. माणूस सरळ. त्यांनी एका सकाळी आम्हाला सगळं समजावलं, आणि मला ते समजलं हे विशेष, कारण मला बँकेचं काहीच समजत नाही.

"पूर्वी काय व्हायचं ताई," ते म्हणाले, "तुम्ही एका बँकेकडं अर्ज केला की त्याची नोंद राहायची. मग दुसरीकडं गेलात की दुसरी बँक म्हणायची, ही बाई दारोदार फिरतीय, म्हणजे काहीतरी गडबड हाय. तुमची पत घसरायची. आता नियम बदललाय. एकाच दिवशी सगळीकडं एकदम अर्ज टाकायचा. कितीही ठिकाणी टाका, नोंद एकच. मुलीचा फोटो सात स्थळांना एकाच टपालानं पाठवायचा म्हणा. एकानं नाही म्हणलेलं दुसऱ्याच्या कानावर जायच्या आत तिसरा बघायला येतोय."

"आणि सातही नाही म्हणाले तर?" हर्षानं विचारलं.

"सात कशाला नाही म्हणतील? तुमचे हिशेब चोख हायत. आता फक्त कानोसा ठेवायचा."

कानोसा म्हणजे साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी काही संशोधकांच्या लक्षात आलं की हप्ते थकतात ते पगार कमी असतो म्हणून कमी, आणि घर मोडतं म्हणून जास्त. नवरा-बायको वेगळे होतात, भाऊ भांडून निघून जातो, आणि मागे राहिलेल्या एकट्याला हप्ता झेपत नाही. मग त्यांनी घर मोडायच्या आधी घरात काय ऐकू येतं याचा शोध घेतला. शब्दांत काही सापडलं नाही. माणसं खोटं बोलतात, एकमेकांना राजा-राणी म्हणत वकिलाकडे जातात. सापडलं ते मधल्या जागेत. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो जगभरात सगळीकडे साधारण सारखा असतो, सेकंदाचा पाचवा भाग. दुसरा माणूस पहिल्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर तयार ठेवतो, म्हणून हे जमतं. ज्याला समोरच्याचं वाक्य कुठे संपणार हे आतून माहीत असतं, त्यालाच एवढ्या चटकन बोलता येतं. ते माहीत असणं हळूहळू सुटायला लागलं की ही फट वाढते.

कानोसा तेवढंच मोजतो. कोण कधी बोललं, किती थांबलं, आवाज चढला की उतरला. शब्द डबीतच पुसले जातात. तीस दिवसांनी त्याची एक मोहोरबंद फाइल तयार होते. ज्या दिवशी अर्ज कराल त्याच दिवशी ती सगळ्या बँकांसाठी एकदम उघडते. मग प्रत्येक बँकेचा संगणक त्या आवाजांवरून तुमच्या घराचं एक जुळं बनवतो आणि त्या जुळ्याला कर्ज फिटेपर्यंतची पंधरा वर्षं जगायला लावतो. आजारपण येतं, धंदा बसतो, पाहुणे येऊन राहतात. एकदा नाही, दहा हजार वेळा. दुपारचं जेवण आटपून बँकेचा माणूस जागेवर येईतो तुमची दहा हजार आयुष्यं उरकलेली असतात.

"तीस दिवस फक्त नेहमीसारखं वागा," डबी हातात देताना मुजावरभाऊ म्हणाले. "बाकी काही नाही."

इथेच आमची चूक झाली. मुजावरभाऊंची नव्हे, आमचीच.

घरी आल्यावर हर्षानं डबीला हळदीकुंकू वाहिलं. नवी वस्तू आणली की आमच्याकडे वाहतातच, कांडप यंत्राला तर ती दर दसऱ्याला झेंडूचा हारही घालते. मग मी फडताळावर भरतकामाचा रुमाल अंथरला आणि त्यावर डबी ठेवली. झालं. रुमालावर बसली म्हणजे ती पाहुणी झाली. आणि पाहुण्यासमोर घरात भांडायचं नाही, हे आम्हा दोघींना आपापल्या आयांनी लहानपणी चिमटे काढून शिकवलेलं होतं.

आता आमच्या भांडणांविषयी सांगायला हवं. आम्ही सकाळी उठल्यापासून भांडतो. ती चहात आलं किसून टाकते, मला ठेचलेलं लागतं. तिच्या अंगावरची मिरचीची पूड माझ्या उशीवर येते. मी फोनवर ओरडून बोलते, ती टीव्हीचा आवाज वाढवते. शशांक होता तेव्हा तो पेपर घेऊन गॅलरीत जायचा आणि आतून आवाज बंद झाला की डोकावून विचारायचा, "काय झालं? कुणाला बरं नाही का?" लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्यासाठी 'वन्सं, तुम्ही' होती. तो गेल्यावर कधीतरी भांडता भांडताच ती 'हर्षा, तू' झाली, नेमकं कधी ते मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी तिनं मला चहा दिला. आलं ठेचलेलं होतं.

"छान झालाय," मी म्हणाले.

"हो का? घ्या ना अजून," ती म्हणाली.

मला हसू येत होतं, तिलाही. आम्ही फडताळाकडे पाहिलं आणि गंभीर झालो. पहिला आठवडा मजेत गेला. नाटकातल्या सुना असतात तशा आम्ही वागत होतो. "वन्सं, तुम्ही दमला असाल, बसा." "वहिनी, तुम्हाला आवडते म्हणून कारल्याची भाजी केली." मला कारलं आवडत नाही. मी दोनदा घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात मजा संपली, पण गोडवा थांबेना. भांडणातून आम्ही एकमेकींना किती काय काय सांगायचो ते मला तेव्हा कळलं. सानिकाचा फोन आला, म्हणाली, "आई, समजा घर नाही झालं तर? मी तुझी खोली तयार करून ठेवते." मी म्हणाले, "ठेव." एरवी मी फोन ठेवल्याबरोबर हर्षावर खेकसले असते, बघ ही पोरगी मला आतापासून कोपऱ्यात बसवायला निघालीय, आणि ती म्हणाली असती, जा की मग, आणि विषय तिथेच मिटला असता. पण पाहुणी बसली होती. मी काहीच बोलले नाही. हर्षानं दारातून 'ठेव' एवढं ऐकलं होतं. तीही काही बोलली नाही.

तिचंही काहीतरी चाललं होतं. सकाळी ती उजवा हात कोमट पाण्यात धरून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, तिखट लागलंय." गेली बावीस वर्षं तिला रोज तिखट लागतंय, ती कधी पाण्यात हात बुडवून बसलेली मी पाहिली नव्हती. एरवी मी तिचा हात ओढून बघितला असता. त्या दिवशी म्हणाले, "काळजी घ्या हं."

तिसाव्या दिवसापर्यंत आमचं घर इतकं शांत झालं की खाली यंत्र बंद पडलं तर मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटायची. मी माझ्याच घरात पाय न वाजवता चालत होते. आणि एका संध्याकाळी मी कपाटातले कपडे बघता बघता, कोइमतूरला थंडी नसते, शाली इथेच ठेवता येतील, असा विचार करताना स्वतःला पकडलं. घर अजून हातचं गेलंही नव्हतं.

तर तो बुधवार. मुजावरभाऊंनी बरोबर दोन वाजता सात ठिकाणी एकदम अर्ज सोडला. साडेतीनला उत्तरं आली. चारला त्यांचा फोन आला, "ताई, दोघीही या. फोनवर नको."

त्यांच्या कचेरीत तीन खुर्च्या आणि एक पंखा. त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. पाच बँकांनी सरळ नकार दिला होता. उरलेल्या दोन बँकांनी असा व्याजदर सांगितला होता की त्यापेक्षा सावकार परवडला असता.

"मला काही समजेना," मुजावरभाऊ म्हणाले. "हिशेब चोख, धंदा चोख. पण सातही जुळ्यांचं म्हणणं एकच हाय. हे घर साधारण साडेतीन वर्षांत रिकामं होणार. ही बघा तुमची फट. चांगल्या घरात सेकंदाचा पाचवा भाग. तुमची पहिल्या दिवशी तेवढीच हाय. तिसाव्या दिवशी सव्वा सेकंद." ते थोडे घुटमळले. "रागवू नका, पण असा आलेख मी घटस्फोटाच्या आधी बघितलाय. तुमच्यात काही झालंय का?"

"नाही हो," मी म्हणाले.

"काही नाही," हर्षा म्हणाली. "आम्ही एका शब्दानं भांडलो नाही महिनाभर."

मुजावरभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "मी काय सांगितलं होतं? नेहमीसारखं वागा!"

"अहो, पण घरात परकं कुणी ऐकत असताना…" हर्षा म्हणाली.

मुजावरभाऊंनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. एका कपाचा कान तुटका होता. हर्षानं धड कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही घ्या आधी."

काय झालं मला कुणास ठाऊक. मी उभी राहिले.

"पुरे झालं तुझं 'तुम्ही'!" मी ओरडले. "महिनाभर ऐकतेय. कोण तुम्ही? कुणाची तुम्ही? आणि तो हात दाखव आधी!"

"हात कशाला दाखवू? तुला काय त्याचं? तू चाललीस की कोइमतूरला! खोली तयार ठेवलीय ना लेकीनं?"

"कोण म्हणालं चालले?"

"मी ऐकलंय या कानांनी! 'ठेव' म्हणालीस. मला वाटलं विचारशील, हर्षा, तुझं काय? नाही विचारलंस. मी काय सामान आहे घराबरोबर आलेलं? घर गेलं की मी पण गेले?"

"आणि तू? हात कामातून गेलाय आणि मला सांगते तिखट लागलंय! मी दात बसवते लोकांचे, डोळे नाहीत फुटले माझे. सकाळी तुला कपाचा कान धरवत नाही, डाव्या हातानं चहा पितेस!"

"बोटं बधिर होतात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले पोती उचलायची नाहीत. तुला सांगितलं असतं तर तू कर्जच घेऊ दिलं नसतंस. म्हणाली असतीस, दुकान बंद कर. मग घर कशासाठी घ्यायचं होतं? मला तर तू इथे राहायला हवी होतीस, म्हणून हवं होतं घर."

मग मी रडले आणि तीही रडली, आणि रडतानाही आम्ही एकमेकींना बोलून घेतलं. मधेच माझं लक्ष मुजावरभाऊंकडे गेलं. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून खुशीत मान डोलावत होते.

"फटच नाही," ते म्हणाले. "एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू. ताई, हे जर डबीनं ऐकलं असतं ना, आज मी पेढे मागवले असते."

कायद्यानं फेरनोंद मागता येते, एकदाच. पहिली फाइल पुसली जाते, नवी नोंद दहा दिवसांची, आणि पुन्हा सगळ्यांकडे एकदम अर्ज. त्यानंतर दोन वर्षं काही करता येत नाही. म्हणजे भोईटे सरांच्या घरापुरता तो शेवटचाच डाव होता. ऑक्टोबरची सोळा तारीख होती.

डबी पुन्हा फडताळावर आली. या वेळी रुमाल नव्हता, मीठ आणि काडेपेटीच्या मधे ठेवली. पहिल्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो.

"हं, भांड," मी म्हणाले.

"कशावरून?"

"तूच काढ की विषय."

"तू मोठी आहेस, तू काढ."

अर्धा तास आम्ही विषय शोधला. आल्यावरून सुरुवात करून पाहिली, पण मला हसू फुटलं. खोटं भांडण खोट्या गोडव्याहून अवघड निघालं. मला वाटायला लागलं की आता गेलंच घर, आता आम्हाला नीट भांडताही येईना. रात्री जेवणं गुपचूप झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबला निघाले, जिना उतरले, तर ही बाई बेडगी मिरचीचं वीस किलोचं पोतं कवेत घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढत होती. उजव्या हाताची बोटं सुटली होती आणि पोतं हनुवटीनं दाबून धरलं होतं.

त्यानंतर जे झालं ते डबीसाठी नव्हतं. डबी वर होती, पण मुजावरभाऊ नंतर म्हणाले की जिन्यातूनही सगळं स्पष्ट टिपलं गेलं होतं. मी पोतं हिसकावलं, ते फुटलं. मिरच्या पायऱ्यांवरून रस्त्यावर गेल्या. आम्ही दोघी शिंकत, डोळे पुसत, त्या गोळा करत भांडलो. पोती उचलायला माणूस ठेवायचा की नाही, त्याला पैसे कुठून द्यायचे, मी लॅबमधून लवकर येऊन दुकानात बसायचं की नाही, मला मसाल्यातलं काय कळतं, तिला दातांतलं काय कळतं. दुपारी फोनवर भांडलो. संध्याकाळी सानिकाचा फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकला आणि तिघी भांडलो. सानिका शेवटी म्हणाली, "हे काय चाललंय तुमचं? बरं वाटलं ऐकून." तिनं कोइमतूरच्या खोलीला लावलेले पडदे काढून इकडे पाठवायचं ठरलं, आणि ते कुठल्या खिडकीला लावायचे यावर आम्ही आणखी दोन दिवस काढले.

मी कवळ्या बनवते म्हणून मला एक गोष्ट ठाऊक आहे. नवी कवळी टोचतेच. टोचली की माणूस येतो, तक्रार करतो, मी टोचतंय तिथे घासते, असं चार वेळा झालं की ती बसते. जो येतच नाही, त्यानं ती डबीत काढून ठेवलेली असते. हे मी वीस वर्षं पेशंटना सांगत आले होते, आणि स्वतःच्या घरात मला ते कळायला सात बँका लागल्या.

अठ्ठावीस तारखेला दोन वाजता अर्ज गेला. या वेळी आम्ही मुजावरभाऊंच्या कचेरीतच बसून राहिलो. हर्षा पंख्याच्या आवाजावर तोंडसुख घेत होती. साडेतीनला एकामागून एक उत्तरं आली. सातांतल्या सहांचा होकार.

मी हर्षाचा उजवा हात धरला. तिला दाब कळला की नाही देव जाणे, पण तिनं सोडला नाही.

मुजावरभाऊंनी सहांतले दोन कागद पुढे ठेवले. "हा सगळ्यात स्वस्त. पण यांची अट हाय, कानोसा पंधरा वर्षं घरात राहणार. दर तीन महिन्यांनी फट मोजणार, फट वाढली की व्याज वाढणार. हा दुसरा, महिन्याला अकराशे रुपयांनी महाग. यांना डबी नको. एकदा ऐकलं, बास."

"अकराशे म्हणजे वर्षाचे तेरा हजार!" हर्षा म्हणाली. "राहू दे की डबी. भांडायला आपल्याला काय पैसे पडतात?"

"थांबा," मुजावरभाऊ म्हणाले. "आधी हे बघा. बँकेनं तुमचं पुढचं आयुष्य कसं धरलंय ते बघायचा तुम्हाला हक्क हाय. स्वस्तवाल्यांचं जुळं फार बारीक काम करतं. ह्या शेवटच्या ओळी."

मी वाचलं. बहुतेक आवृत्त्यांत अकराव्या वर्षी एक आवाज थांबतो. घर टिकतं. हप्ते चुकत नाहीत. आणि त्याखाली एक आकडा होता, त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'उरलेल्या आवाजातील विराम: ०.२ सेकंद.'

"म्हणजे काय?" मी विचारलं.

मुजावरभाऊंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "एकटा माणूस बोलतो ना ताई, तो सलग बोलतो. मध्ये थांबायचं त्याला कारण नसतं. पण हा आवाज थांबतो. प्रत्येक वाक्यानंतर, बरोबर तेवढाच. समोरच्याला बोलायला जागा ठेवतो, आणि मग पुढं बोलतो. कर्ज फिटेपर्यंत तसंच."

पंखा फिरत होता. मला एकदम शशांक आठवला, आणि तो गेल्यावर पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात एकटीच त्याच्याशी बोलायची ते आठवलं. तेव्हाही मी थांबत असणार. हर्षा तेव्हा खालून यंत्र बंद करून वर यायची आणि काहीही कारण काढून माझ्याशी भांडायची. ती ते का करायची, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"कुठला आवाज उरतो, तेही सांगता येतं," मुजावरभाऊ हलकेच म्हणाले. "बघायचं?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग मी दुसरा कागद ओढला. "अकराशे जास्त गेले तर जाऊ देत. पाहुणा महिनाभर ठीक आहे. पंधरा वर्षं कोण सांभाळणार?"

मला वाटलं हर्षा वाद घालेल. ती पैशाला चिकट आहे, मसाल्याच्या पाकिटात ग्रॅम जास्त जाऊ देत नाही. तिनं डाव्या हातात पेन घेतलं, वाकडीतिकडी सही केली आणि म्हणाली, "अकराशे माझ्याकडून."

"का म्हणून तुझ्याकडून? निम्मे निम्मे."

"मी म्हणाले ना माझ्याकडून!"

"डबी बंद झालीय ताई," मुजावरभाऊ म्हणाले. "आता कशाला?"

मंजुरीचं पत्र घेऊन आम्ही भोईटे सरांकडे गेलो. सरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, मग घराच्या किल्ल्यांचा जुना जुडगा आणून हर्षाच्या हातावर ठेवला. आमच्याकडच्या किल्ल्यांहून त्यात तीन जास्त होत्या, गच्चीची, पाण्याच्या टाकीची आणि एक कशाची ते सरांनाही आठवेना.

परत येताना हर्षा गोडोलीच्या चढावर मधेच थांबली.

"वहिनी, मीच उरणार बरं का," ती म्हणाली. "तुला ते हप्ते, ते पासवर्ड, काही जमायचं नाही. दुसऱ्या महिन्यात जप्ती आणशील."

"तू कशी उरशील? तुला मिरचीनं खोकला, हाताला मुंग्या. मी दोन वर्षांनी मोठी असले तरी धडधाकट आहे. मीच उरणार."

"मी म्हणतेय ना मी! तुला एकटीला राहता येत नाही. मागच्या वेळी बघितलंय मी."

"आणि तुला येतं? तीस दिवस मी नीट बोलले नाही तर हात पाण्यात घालून रडत होतीस."

"रडत नव्हते! बोटं शेकत होते!"

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. कुणी तरी भाजीवाली म्हणाली, अहो, सोडा की, घरी जाऊन भांडा. आम्ही घरी गेलो. हर्षानं सरांच्या जुडग्यातली ती तिसरी किल्ली सगळ्या दारांना लावून बघितली, ती कशालाच लागली नाही, आणि कोण उरणार हे काही त्या संध्याकाळी ठरलं नाही. आमच्याकडे पंधरा वर्षं होती. मी चहा टाकला आणि आलं किसायला घेतलं, तोच मागून हर्षा म्हणाली, "ठेचून टाक, तुला ठेचलेलंच लागतं," आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी म्हणाले, "आज तुझ्यासारखा."